मशीन चालतंय तोवर

बाबा, तुमच्या मशीनची वाट लागली होती. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला, "अरे, ते निळं होऊन बसलंय." मी म्हटलं, बंद करून चालू कर. तर म्हणाली, "कालपासून तेच करतेय. निमंत्रणाचं मॅटर जुळवते, प्रिंट दिली की परत निळं." मला तिथल्या तिथे राग आला, कोणाचा ते विचारू नका. दिवसभर अंधेरीत बसून दुसऱ्यांच्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळायची आणि स्वतःच्या आईच्या घरातली एक वायर चालत नाही, म्हणजे काय? कामात डोकं लागेना. रविवारी सकाळीच बॅग उचलून बोरिवलीहून दिंडोशीला आलो. बायको म्हणाली नाश्ता तरी करून जा, तर तिच्यावरही खेकसलो. आईने दिलेला चहा उभ्यानेच प्यायलो.

तुम्हाला वाटत असेल ते मशीन कधीच भंगारात गेलं. कुठलं जातंय! तो विटेसारखा जाडजूड लॅपटॉप अजून पुढच्या खोलीत, शटरच्या आत, तुम्ही ठेवलात त्याच टेबलावर आहे. बॅटरी मेलेली, त्यामुळे कायम वायर लावूनच चालतो. मागे मराठी सॉफ्टवेअरचं ते लॉक खुपसलेलं आहे, ज्याच्याशिवाय ते उघडतच नाही आणि जे नव्या कुठल्याच मशीनला बसत नाही. बाजूच्या खाचेत तुम्ही शोधून आणलेलं नेटवर्क कार्ड, आणि त्यातून निघालेली वायर भिंतीतून आतल्या खोलीतल्या प्रिंटरला. तुम्ही गेल्यापासून आई त्याच्यावरच निमंत्रणपत्रिका जुळवते. लग्नाच्या, बारशाच्या, साठीशांतीच्या. बटर पेपरवर प्रिंट काढून प्रेसवाल्याकडे पाठवते. तुमच्या बाराव्याची पत्रिकासुद्धा तिनेच जुळवली, कोणाला हात लावू दिला नाही. मधे मी तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता, तो तिने कौतुकाने बघितला आणि भाचीला देऊन टाकला. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हे मशीन आहे म्हणून आई उभी आहे. हे बंद पडलं की ती खिडकीत जाऊन बसेल आणि मग तिथून काही उठायची नाही. म्हणून काहीही करून मला ते चालू करायचंच होतं.

दुपारपर्यंत मी जे जे येतं ते सगळं केलं. कार्ड काढून पुसलं, परत घातलं. कार्ड चालवणारा ड्रायव्हर काढून टाकला, तुमच्या ड्रॉवरमधल्या सीडीवरून नवा टाकला. मशीन सुरू होई, सगळं झकास वाटे, आणि प्रिंट दिली रे दिली की निळी स्क्रीन, त्यावर तीच पांढरी इंग्रजी अक्षरं, सगळा दोष त्या ड्रायव्हरच्या नावावर. चौथ्या-पाचव्या वेळी मी टेबलावर हात आपटला. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न आहे. हातात कच्ची प्रत, आणि आवाज अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा. "काकी, अहो माझ्या दिराचं नावच नाही! नणंदेच्या नवऱ्याचं आहे आणि सख्ख्या दिराचं नाही! मला घरात ठेवतील का?" आई म्हणाली, "घालते गं बाई. मुलगा आलाय मशीन बघायला." बाई माझ्याकडे वळल्या, "मग आज होईल ना रे?" होईल, मी म्हटलं, मान वर न करता. आई मानेवर हात दाबत आत गेली. तेही मला दिसलं होतं, पण मी त्या वेळी मशीनच बघत होतो.

आणि मग तुम्ही आठवलात, तेही ओरडतानाच. मी अकरावीत आहे. प्रिंटर कागद ओढत नाहीये, आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचं मागचं झाकण उघडून बसलोय. तुम्ही दारातून येता, स्क्रूड्रायव्हर काढून घेता. "हात कशाला चालवतोस आधी? काल चालत होता ना? मग आज काय बदललं ते विचार. तोंड दिलंय ना देवाने?" मला तेव्हा इतकं लागलं होतं की दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. या वेळी मात्र मुकाट्याने आईला हाक मारली. काय बदललं गं? "काय बदलायचंय? सोमवारी मीटर बॉक्सचं काम होतं, दिवसभर लाइट नव्हती. तेवढंच." मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. तारीख कुठल्या कुठे मागे गेली होती, माझी शाळा सुटायच्या आधीची. च्यायला, म्हटलं, आतला सेल! तो घड्याळाच्या सेलसारखा छोटा सेल संपला होता आणि त्यात वायरचा करंटही दिवसभर बंद, म्हणजे मशीन आपल्या सगळ्या सेटिंग विसरून फॅक्टरीतून आल्यासारखं कोरं झालं होतं. नाक्यावरून सेल आणून घातला, आणि तुम्ही काय काय बदलून ठेवलं असेल ते शोधायला बसलो.

शोधायला लागलंच नाही फार. सेल घालताना बाजूचं आवाजाचं चाक फिरलं असावं, कारण मशीन परत चालू केलं तर ते वाजलं. विंडोजची ती सुरुवातीची धून, खरखरीत, पण चांगली मोठ्याने. आई लाटणं हातात घेऊन धावत आली. "हे काय वाजलं?" बाबा, या मशीनला आवाज नव्हता! आठवतंय ना? नवीन आणलंत तेव्हा मी गाण्यांची सीडी घेऊन आलो होतो, मागे दोन मित्र उभे. आणि तुम्ही म्हणालात, "याला आवाज नाही. कामाचं मशीन आहे, रेडिओ नाही." मित्र फिदीफिदी हसले. स्पीकरवालं मशीन घ्यायला बापाचा हात आखडला, असंच मी धरून चाललो, इतकी वर्षं. आणि आता सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर आवाजाचं बटण चालू झालेलं, आणि आवाज आणि नेटवर्क कार्ड दोघांना मशीनने एकच लाइन वाटून दिलेली. एका नळावर दोन हंडे. आवाज बंद केला, कार्ड गप चालू लागलं. म्हणजे तुम्ही तेव्हा हेच केलं होतंत. अहो, मग सांगायचं ना! एका वाक्याचं काम होतं. मी तुम्हाला चिक्कू म्हणत मोठा झालो. रडू आलं मला तिथे, आणि रागही आला, आणि हसूही येत होतं.

प्रिंट लगेच नाही दिली. कार्ड टिकतंय का बघायला माझा लॅपटॉप वायरने जोडून त्या मशीनला एक भलीमोठी फाइल पाठवली, मग परत पाठवली. काळ्या स्क्रीनवर ओळी सरकत होत्या, एकही चूक नाही. आता आईला हाक मारायची आणि बघ म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. तर तीच आली, हात पुसत, आणि तुमच्या खुर्चीत बसली. स्क्रीनवरच्या त्या ओळी तिला काही कळण्यातल्या नव्हत्या. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "नाही ना होत?" मी काही बोलायच्या आतच पुढे म्हणाली, "नाही झालं तर राहू दे रे. खरं सांगू? माका आता जमणा नाय." ती मालवणीत गेली की मला भीती वाटते, तुम्हाला माहितीये. "मान उतरते, अक्षरं दोन-दोन दिसतात. लोक नावांवरून भांडतात, ते रात्री डोक्यात फिरतं. मावशी केव्हापासून गावाला बोलावतेय." मी म्हटलं, मग बंद का नाही केलंस गं? कोणी अडवलं होतं? तर म्हणाली, "तुझ्या बाबांनी हॉस्पिटलात सांगितलं होतं, मशीन चालतंय तोवर शटर पाडू नकोस म्हणून. चालू मशीन कसं बंद करू? पण तेच गेलं, तर माझा काय दोष? हो की नाही?"

हो की नाही, असं विचारताना ती माझ्याकडे बघत होती, बाबा. तुम्ही ते कशासाठी म्हणाला असाल ते मला कळतं. तिचे दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून. मीसुद्धा तेच धरून बसलो होतो, तिला न विचारता. आपण दोघांनी मिळून तिला त्या खुर्चीत बसवून ठेवलं. मी माझी वायर काढली, झाकण मिटलं आणि म्हटलं, "गेलं गं आई. आतला बोर्डच जळलाय. आता नाही होणार." तिने दोनदा विचारलं, "नीट बघितलंस ना?" बघितलं म्हटलं. मग तिने प्लग काढला, दसऱ्याला करते तसा मशीनला नमस्कार केला आणि पदराने डोळे टिपले. समोरच्या बाईंची पत्रिका मी स्टेशनजवळच्या एकाकडून करून घेतली, दिरासकट. आई परवा गावाला जातेय, मला म्हणाली भंगारवाल्याला दे ते. मी ते बोरिवलीला घेऊन आलो आणि हे त्याच्यावरच टाइप करतोय, एकेक अक्षर शोधत. सेव्ह करणार नाही, प्रिंटही काढणार नाही. आई तुमच्या फोटोशी बोलते, तेव्हा मशीन गेलं असंच सांगत असेल. तसंच ऐकून घ्या. बाबा, ते चालतंय.