कच्च्या गटातली भिंगरी

ता. ४ सप्टेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला, आपल्या भिंगरीला, बालवर्गात कच्च्या गटात टाकलंय! पाच वर्षांची पोर तू पाठवलेली गोष्टींची पुस्तकं घडाघडा वाचते आणि बाई म्हणतात, तिला काही येत नाही. विचारलं तर तोंड उघडत नाही, नुसत्या रेघोट्या मारते. घरी मराठी बोलता म्हणून गोंधळते, ती बंद करा, असा वर सल्ला. यांनी लगेच मान डोलावली.

मी भांडले नाही. इथली भाषा बोलताना माझीच त-त-प-प होते. सोमवारपासून घरात मराठी बंद आहे. घर कसं मुकं झालंय. वैताग आलाय नुसता. काय करू ते कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

ता. १२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच आहे. तीस वर्षं बालवाडीत पोरांची नाकं पुसली मी, आणि माझी सख्खी बहीण लेकीची भाषा बंद करते? दोन भाषांतलं पोर नव्या वर्गात महिनोन्‌महिने गप्प बसतं, पण आत साठवत असतं. एकाच भाषेत विचारलं तर अर्धंच पोर हाती लागणार. जावईबापूंना आठवण दे, चार वर्षांचे होईपर्यंत ते स्वतः बोलत नव्हते. त्यांच्या आईनेच मला सांगितलंय.

एक दिवस वर्गात जाऊन बस. त्या रेघोट्या नीट बघ. आणि मराठी आजच्या आज सुरू कर.

माया आहे म्हणूनच कान धरते.
तुझी ताई

ता. २७ सप्टेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल वर्गात बसले. सगळ्यांना फळाचं चित्र रंगवायला दिलं होतं. भिंगरीने ते पटकन उरकलं, कागद उलटा केला आणि त्यावर काहीतरी करत बसली. बाईंनी मला खुणावलं, बघा, रेघोट्या. वाकून पाहते तर मराठी! बाईंनी सकाळी इथल्या भाषेत सांगितलेली अस्वलाची गोष्ट, वेड्यावाकड्या अक्षरांत. शेवट मात्र हिचा. बाईंचं अस्वल झोपी जातं, हिचं गुहेला खिडकी पाडतं.

मी ओळ न् ओळ बाईंना त्यांच्या भाषेत सांगितली. अडखळले, पण सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. आधीचे कागद कुठे आहेत म्हटलं, तर दोन महिने रोज केराच्या टोपलीत!

आता मोठ्या गटाची पुस्तकं देतो म्हणाल्या. गट मात्र वर्षअखेरीशिवाय बदलत नाही, नियम आहे. मुख्याध्यापिकांनीही तेच ऐकवलं. मी लेखी अर्ज दिलाय. यांनी निमूट सही केली.

चीड बाईंची येते, त्याहून जास्त माझी. तुझ्यापासून एक लपवलं होतं. त्या दिवसांत ती मराठीत काही विचारायला आली की मी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचे. आता मी मराठीच बोलते, पण ती उत्तर इथल्या भाषेत देते. आज वेणी घालताना कारण विचारलं, तर म्हणाली, मराठी बोललं की तुझे कान दुखतात ना. नाही दुखत गं, म्हटलं. तिने माझ्या कानाला हात लावून पाहिला. मराठी शब्द मात्र अजून काढलेला नाही.

आम्हा मायलेकींवर तुझी माया असू दे.
धाकटी