कोणी ओरडलं नाही

सोमवार
नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्यावर घोर अन्याय झाला. खुर्चीला चाकं चारच, पाचव्याच्या जागी पुठ्ठ्याची घडी. पन्नाशीतल्या माणसाने डुगडुगत राज्य कसं करावं? शेवटी फाटकावरच्या वॉचमनकाकांनी स्वतःची खुर्ची आणून दिली. देवमाणूस.

काम सोपं. एका मोठ्या संगणकात एकतीस कंटेनर चालतात. कंटेनर म्हणजे आपापल्या झाकणाखाली गुमान राबणारा एकेक प्रोग्राम. मी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे: यादी दाखव, नोंदी दाखव, थांब, चालू हो. घरी ताईला सांगितलं. म्हणाली, बाळ्या, घरात तुझं कुत्रं ऐकत नाही, तिथे तरी कोणी ऐकू दे.

मंगळवार
साहेबांचा नियम आवडला. कंटेनरचा मालक सापडत नसेल तर तो थांबवायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं. दोन दिवस कोणी ओरडलं नाही, की आपोआप पुसला जातो. सात नंबर बेवारस निघाला. थांबवला. कोणी हूं की चूं केलं नाही.

बुधवार
वॉचमनकाका फाटकाशी उभे, हात कडीवर, पापणी हलत नाही. लोक त्यांना वळसा घालून आत जात होते. मी हाक मारली. वाटलं, खुर्चीवरून रुसले असतील.

गुरुवार
सात नंबर सकाळी पुसला गेला. फाटकाशी कोणी नाही. साहेब म्हणाले, इथे वॉचमन कधीच नव्हता.

सातच्या नोंदींची प्रत माझ्याकडे राहिली होती. आत्ता वाचली. ‘गाडी आली. फाटक उघडलं. नव्या माणसाला खुर्ची दिली.’

ओरडायचं त्यांनी होतं. थांबवलेला माणूस ओरडणार कसा?

शुक्रवार
बावीस नंबरच्या नोंदी. ‘दूध उतू गेलं. बाळ्या छत्री विसरला.’ मला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस आहे.

मालकाच्या रिकाम्या रकान्यात माझं नाव घातलं. साहेबांनी खोडलं. मंजुरी सोमवारी, म्हणाले, आणि चार वाजता बावीस स्वतःच्या हाताने थांबवला. मी ओरडलो. मालक नसलेल्याचं ओरडणं धरत नाहीत, म्हणाले. चालू करायचा हुकूम दहा वेळा दिला. परवानगी नाही. परवानगी नाही.

मंजुरी सोमवारी. पुसणार रविवारी चारला.

शनिवार
ताई बेसिनपाशी. कालपासून. नळ वाहता, हात पाण्याखाली. बंद केला. बोटं पुसली, गार —
शेजारणीला ओढत आणलं. तिने ताईला वळसा घालून नळ तपासला. गळत तर नाहीये, म्हणाली, मग ओरडताय कशाला —

रविवार
साडेतीन. घरूनच यादी उघडली. बावीस, थांबलेला. खाली तेवीस, चालू. मालक: कोणी नाही. साहेबांची खूण: चारला थांबवणे.
तेवीस कोण, ते नोंदी न उघडताच —
माझ्यासाठी ओरडेल अशी एकच. ती बेसिनपाशी —

परवा माझ्या पाळीची भांडी ताईने घासली होती. आजची तिची मी घासली.

तेवीसच्या नोंदी उघडल्या. ‘भांडी घासली. कप पालथा घातला. वही उघडली. ताईचा हात हातात —’

चार वाज