वळचणीचा कप

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. चहा गाळला, स्टोव्ह विझवला आणि ही पहिली ओळ लिहीत आहे. माळीवाडा बसस्थानकामागची ही खोली लहान आहे, पण कोरडी आहे. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा मला नगरच्या दवाखान्यात नोकरी मिळेल असे शेवगावात कोणाला वाटले नव्हते. दवाखान्याच्या डॉक्टर भारतीमॅडमनी अर्ज वाचून विचारले, कोणी लिहून दिला? मी म्हणालो, मीच. एकही अशुद्ध शब्द नाही म्हणून त्या हसल्या आणि आजपासून यायला सांगितले.

पोटाच्या कॅन्सरवरच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे. केमोथेरपीची सलाईन लावूनही ज्यांची गाठ वाढत राहिली, त्यांच्यासाठी. केमो चांगल्या-वाईट सगळ्यालाच जाळते. ही गोळी गाठीवरची एक खूण ओळखून तेवढ्यालाच धरते, असे मॅडम म्हणाल्या. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती हे बाटलीच्या नंबरावरून फक्त कंपनीला कळते, मॅडमनाही नाही. पेशंटना सांगून सह्या, अंगठे घेतले आहेत. दर पंधरवड्याला बाटल्या घरी पोचवणे आणि उरलेल्या गोळ्या मोजून आणणे हे माझे काम. मन लावून करीन.

५ नोव्हेंबर
श्रीगोंद्याच्या अलीकडे उसाच्या मळ्यात सूर्यभानराव राहतात. खाटेवर पडून होते, पण आवाज खणखणीत. आधी गाव विचारले, मग आडनाव. आडनाव कळल्यावर म्हणाले, “असं व्हय. मग बसा की खालीच, गोळीवाले पाव्हणं.” त्यांच्या पत्नी चांगुणाबाईंनी गोठ्याच्या वळचणीतून एक कप काढला, फुंकून धूळ उडवली आणि त्यात चहा दिला. पिऊन मी कप विसळला आणि परत वळचणीला ठेवला. चहा चांगला होता.

६ नोव्हेंबर
सुप्याजवळ लंकाबाई. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पाहून मी जयभीम म्हटले, तर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. सुप्याला कारखान्यांच्या बांधकामावर त्या बिगारी होत्या. नवरा नाही. मुलगी मोनिका नववीत. स्वतःला दोन चमचे पेज जात नाही, पण मला भाकरी-पिठले वाढून समोर बसल्या. म्हणाल्या, “तू खा लेकरा. मला बघूनच भरल्यावानी व्हतंय.”

२० नोव्हेंबर
वहीचे पान उलटताना बोट जिभेला लावायची मला सवय आहे. काल सूर्यभानरावांच्या उरलेल्या गोळ्या मोजताना एक तुटली, भुकटी बोटाला लागली आणि जिभेवर गेली. कडूजहर. संध्याकाळपर्यंत तोंड धुतले तरी जाईना. आज लंकाबाईंकडे मुद्दाम एक गोळी नखाने खरवडून चाखली. गोडसर. पीठ.
काल सूर्यभानरावांनी चतकोर भाकरी खाल्ली आणि कालवण अळणी म्हणून बायकोला शिव्या दिल्या. लंकाबाईंच्या उलट्या वाढल्या आहेत.
हे मला कळायला नको होते.

२ डिसेंबर
दोन वर्तमानपत्रे पसरली. दोन बाटल्या रिकाम्या केल्या. सूर्यभानरावांच्या गोळ्या लंकाबाईंच्या बाटलीत, लंकाबाईंच्या त्यांच्या. झाकणे घट्ट लावली. बाहेरून काही कळत नाही.
सूर्यभानरावांना दोन मुलगे आहेत, ऊस आहे, विहीर आहे. मोनिकाला आईशिवाय कोणी नाही. मी हे दयेने केले.

१७ डिसेंबर
सूर्यभानराव ओळखू येईनात. नुसती हाडे. आवाज मात्र तोच. म्हणाले, “पाव्हणं, ह्या खेपेचं औषध गोड लागतंय. बदललं का काय?” मी म्हणालो, तेच आहे. थोड्या वेळाने त्यांनी खाटेवर हात आपटला आणि वर बसायला सांगितले. म्हणाले, “ये वर. आता कशाला ते.” चांगुणाबाईंना आपल्या रोजच्या कपातून चहा आणायला लावला.
मी खाटेवर बसून तो चहा प्यायलो. काल रात्री या खेपेच्या बाटल्यांचीही तशीच अदलाबदल केली होती, त्या दोन्ही पिशवीत होत्या. खरी द्यायला हात आत घालून दुसरी बाटली काढावी लागणार होती, एवढेच.
मी पिठाची दिली.

१८ डिसेंबर
लंकाबाईंनी माझ्यासमोर अर्धी भाकरी खाल्ली. मोनिका सारखी हसत होती, आईच्या तोंडाकडे बघत होती. इथून ती गोळी कशी काढून घेऊ?
परत आल्यावर मॅडमना आडून विचारले की नंबरांची गफलत झाली तर काय होते. त्या म्हणाल्या, त्या पेशंटला चाचणीतून काढावे लागते, गोळी बंद होते. आणि लपवले तर पुढच्या हजारो आजाऱ्यांना खोटे उत्तर मिळते. मग विचारले, का रे? मी म्हणालो, सहज.

४ जानेवारी १९९९
सूर्यभानराव सव्वीस तारखेला गेले. उरलेल्या गोळ्या आणायला मॅडमनी पाठवले, तर आज दहावा होता. माणसे नदीवर गेली होती, मीही गेलो.
पिंड ठेवला होता. बाभळीवर कावळे बसलेले, एकही खाली येईना. थोरल्याने बहिणीला सांभाळीन म्हणून सांगितले. धाकट्याने विहिरीवरून भांडणार नाही म्हणून सांगितले. ऊन डोक्यावर आले. एका म्हाताऱ्याने उभ्या असलेल्या प्रत्येकाला विचारले, कशात जीव अडकलाय कुणाला ठावं हाय का? मलाही विचारले.
आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. मी ते मानत नाही. मी नाही म्हणून मान हलवली.
शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा बाभळीवरचे सगळे उडाले, एकदम.
चांगुणाबाई गोळ्या देताना म्हणाल्या की शेवटपर्यंत विचारत होते, पाव्हणं कधी येणार.

५ जानेवारी
मी २ डिसेंबरला दया असे लिहिले आहे. ते खरे नाही. झाकणे लावताना माझ्या डोळ्यांपुढे मोनिका नव्हती. कप होता.

१५ जानेवारी
भर दुपार. मोनिका शाळेत. लंकाबाई अंगाने भरल्या आहेत. मी ओट्यावर चढणार तोच त्यांनी हाताने खाली बस म्हणून खूण केली. मग शेळीच्या छपराकडे गेल्या, वळचणीत हात घातला, एक कप काढला, फुंकून धूळ उडवली—
मी विचारले, बाई, हे काय? त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिले, तो दुसऱ्याच कोणाच्या हातात असावा तसे. आणि रडायला लागल्या. आपल्याच लेकराला मी असा कप देईन का, म्हणाल्या. हात आपोआप जातो. नवे वर्ष लागल्यापासून असे होते.
रडता रडता थांबल्या. डोळे कोरडे. आवाज जाड.
“आता औषध कडू लागतंय बघा, पाव्हणं.”
या बाईंनी सूर्यभानरावांना कधी पाहिलेले नाही. मी त्यांचे नाव इथे काढलेले नाही.

२० जानेवारी
मोनिका दवाखान्यात आली होती. आई दुपारी उसाच्या वजनाची पावती मागते, म्हणाली. चांगुणा म्हणून हाका मारते. मला विचारले, दादा, चांगुणा कोण?
मी तिला सुप्याच्या एस.टी.त बसवून दिले.

२२ जानेवारी
मॅडमनी लंकाबाईंच्या पोटाचे स्कॅनचे फोटो दाखवले. गाठ निम्म्याने कमी. मॅडमचे डोळे भरले होते.
सांगितले तर गोळी बंद. नाही सांगितले तर सूर्यभानराव बाईंच्या आत—
आमच्यात याला पाठवून द्यायचा विधी नाही. कोणाला विचारू?

२९ जानेवारी, शुक्रवार
आज बाटली न्यायचा दिवस. गेलो नाही. दहा वाजता लंकाबाई स्वतः माझ्या खोलीवर आल्या. एकट्या. पायरीवर नाही, खाली मातीत बसल्या आहेत. ऊन आहे, रस्त्यावर माणसे आहेत, कोणी बघत नाही.
जाड आवाज म्हणतो, “सांग डॉक्टरणीला.”
मग तेच तोंड, बाईंच्या आवाजात— नको सांगू लेकरा, माझी पोरगी लहान हाय. गोळी दे.
पुन्हा, “सांग.”
बाटली हातात आहे. निघण्याआधी हिशेब लिहून ठेवतो.
खर्च: एस.टी. ४२ रुपये. रॉकेल १८.
देणे: खोलीभाडे १५०. मॅडमकडून उचल २००.
चांगुणाबाईंचे, एक माणूस.
ते फेडायला गेलो तर मोनिकाचे—