न सापडलेली स्प्रिंग

दादा, गेल्या महिन्यात माझ्याही छातीत, हृदयाच्या नळीत, स्प्रिंग बसवली. तुमच्यासारखंच सोलापूरला, पण दुसऱ्या दवाखान्यात, कारण त्या पहिल्याच्या दारात पाय ठेवायची माझी अजून तयारी नाही. आत न्यायच्या आधी सिस्टरनं मूठभर गोळ्या पुढं केल्या आणि चावून खा म्हणाली. कशाच्या म्हणून विचारलं, तर "रक्त गोठू नये म्हणून." एवढ्या? मी पाकिटं मागून घेतली आणि पडल्या पडल्या उलटीपालटी करून पाहिली. बायको म्हणाली, "अगदी मामंजींवर गेलायत."

तुम्ही कळंबच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, जन्म काढला. पोत्याच्या तोंडाशी असलेला माल तुम्ही कधी खरा मानला नाही. सळई खुपसून मधला दाणा काढायचा, दाताखाली फोडायचा, मगच भाव बोलायचा. माणसंही तुम्ही तशीच तपासायचात. म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला दोन गोळ्या दिल्या आणि "एक दिवसही चुकवू नका, नाहीतर स्प्रिंगवरच रक्ताची गुठळी होईल" असं बजावलं, तेव्हा तुम्ही पाकिटं उलटीपालटी करून पाहिलीत. मग घरी एकदा दाढी करताना गालाला जरासं लागलं आणि रक्त काही केल्या थांबेना. टॉवेल गालाला दाबून ओट्यावर बसलेले तुम्ही मला अजून दिसता.

"स्प्रिंग टाकली म्हणत्यात. तू बघितलीस का?"

"न्हाय, दादा."

"म्या बी न्हाय. पोतं न उघडताच माल दिला म्हणत्यात. आन् ह्या गोळ्यांनी रगताचं पाणी व्हायलंय, त्ये मातर म्या डोळ्यानं बघतूय."

त्या दिवसापासून तुम्ही दोन्ही गोळ्या बंद केल्या. आई रडली, मी भांडलो, पण खरं तर तुमचं म्हणणं मला मनातून पटलं होतं. बिलात लिहिलेली ती वस्तू आमच्यापैकी कुणी पाहिली होती? महिना उलटायच्या आत मोंढ्यातल्या आपल्या दुकानात, गादीवर, बसल्या जागी तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाताना मी दुकानातली ज्वारीची चाळण बरोबर घेतली. काका ओरडले, "आरं, अस्थी येच अन् चल. बापाला चाळतूस व्हय?" मी ऐकलं नाही. उकिडवा बसून तुमची सगळी राख चाळली. सरणाच्या लाकडांतले खिळे निघाले, एक वाकडी कडी निघाली. स्प्रिंग निघाली नाही. आणि दादा, मला त्या क्षणी आनंद झाला. म्हणजे तुमचा संशय खरा होता, गोळ्या सोडून तुम्ही आपला जीव घालवला नव्हता, तुम्हाला फसवलं होतं. आई आजही आल्यागेल्याला सांगते, "मुडद्यांनी टाकलीच न्हवती. माझ्या लेकानं राख चाळून बघितलीय."

मला घरी सोडताना मी डॉक्टरांना म्हणालो, "काय टाकलंय ते आधी दाखवा." तरुण माणूस, पण चिडला नाही. कपाटातून नमुन्याची स्प्रिंग काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. जाळीची इवलीशी नळी, रुंदीला ज्वारीच्या दाण्याहून कमी, तारा केसासारख्या. "ही आगीत टिकंल का?" मी विचारलं. "टिकेल की. पण का?" त्यानं विचारलं. मी बघत होतो तळहाताकडं. आपल्या चाळणीतून ती उभी सरकून सहज खाली गेली असती. तिथं न सापडण्याला काही अर्थच नव्हता, आणि इतकी वर्षं आम्ही त्यावर विश्वास टाकून बसलो.

आता मी रोज तुमच्यासारख्याच दोन्ही गोळ्या घेतो. डॉक्टरवर संशय आहे, गोळीच्या कंपनीवर आहे, मेडिकलवाल्यावर तर आहेच आहे. तरी घेतो. अंगावर निळे डाग उठतात, ते पाहून तुम्ही आठवता, आणि तुमचा राग येतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून तिला तुम्हाला दोष द्यायला कशाला लावू? हे पत्रही घडी करून खिशातच ठेवणार आहे. पण सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर माझी पाळी राहिलीच होती. त्या दिवशी दुकानात चाळणी दोन होत्या, दादा. ज्वारीची, आणि तिळाची बारीक. दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या. बारीक वर होती. ती काढून बाजूला ठेवली आणि मी खालची घेतली.