नळीखालचा पहारा

३ फेब्रुवारी, सकाळी ९
उन्हाळा भरात आहे. पाणी तापलं की आमचा उपसागर कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. गिळतो तो वसंतात. नऊ वर्षं आकडे मीच टिपतोय, आख्ख्या टास्मानियात इतकं चोख कुणी टिपत नसेल. आज मात्र यंत्र म्हणतं, गिळतोय. धक्क्यावरची नळी जी हवा ओढते, तिच्यातच पाण्यातल्यापेक्षा वायू जास्त: दहा लाख भागांत ४२० असायला हवेत तिथे ४६०. कुणीतरी लबाडी करतंय.
(नवी खुर्ची छान. नळीजवळच्या आडोशाला वारा लागत नाही.)

४ फेब्रुवारी
लोर्ना आली. आमच्या मोजणी केंद्राची प्रमुख, शाळेत माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "केल्विन सर, आकडे असेच चुकत राहिले तर मार्चमध्ये केंद्र बंद करतील." बंद झालं तर सकाळी उठून मी जाऊ कुठे? उद्यापासून पहारा.

६ फेब्रुवारी
संशय गॅव्हनवर. क्रेफिश, म्हणजे शेवंड धरतो, बोट डिझेलची. म्हणाला, "मास्तर, बोट पंधरा दिवसांपासून दुरुस्तीला काढलीय. तुमचं डोकंही पाठवा सोबत." सराईत दिसतोय. नोंदवहीत "बिघाडाचं कारण" या रकान्यात लिहिलं: गॅव्हन.

९ फेब्रुवारी
खुर्ची आणखी जवळ घेतली. ५१०.

११ फेब्रुवारी
खुर्ची थेट नळीखाली. ६४०. माझ्या डोळ्यांदेखत. चोर निर्ढावलाय. रकान्यात लिहिलं: लोर्नाचा स्टोव्ह. ती म्हणते, स्टोव्ह नाताळापासून बंद आहे. म्हणणारच.

१३, १४ फेब्रुवारी
दाढदुखी. घरीच. दोन्ही दिवस ४२०. माझी रजा चोराला कळते, म्हणजे आतलाच माणूस.

१६ फेब्रुवारी
स्टुलावर चढलो. नळीला डोळा लावून पाऊण तास आत पाहिलं. कुणी नाही. ९८०.

१७ फेब्रुवारी
लोर्ना माझ्यामागे कधीची उभी होती कोण जाणे. तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी मीच रंगवलेली: "नळीजवळ थांबू नका. थांबलात तर श्वास रोखा."
"सर, ही कुणासाठी लिहिली होती?"
पाहुण्यांसाठी, म्हटलं.

२० फेब्रुवारी
केंद्र राहणार. माझ्या पहाऱ्याचे आकडे तेवढे रद्द झाले. खुर्ची धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलीय, तिथून आकडा दिसत नाही. नोंदवही पाहिली. गॅव्हन खोडलाय, स्टोव्ह खोडलाय. खाली लोर्नाच्या अक्षरात, शाळेत मीच वळण लावलेल्या, कारण लिहिलंय: केल्विन सर.