बाबांच्या डोळ्यांचे थेंब

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या सकाळीही तिने बाटली हलवत वीसपर्यंत मोजलं, तुमच्या डोळ्यांत थेंब घातले आणि "लहान मुलासारखे चोळू नका" म्हणून दटावलं. त्यानंतर चार दिवस बाटली जागची हलली नाही, हे मला काल कळलं. डोळे लाल दिसत नसले तरी आतली सूज उलटू शकते, नजर जाऊ शकते. डॉक्टरीणबाईंनी आज चारला बोलावलंय. मी साडेतीनला घ्यायला येते. तोवर दर दोन तासांनी शेजारच्या काकू येऊन थेंब घालतील. त्यांच्याशी हुज्जत नको.

आधीच्या दोन्ही डॉक्टरांनी "डोळे आलेत" म्हणून वाटेला लावलं, तेव्हा या डॉक्टरीणबाईंना दाखवायचंच म्हणून आईच अडून बसली. उजेड डोळ्यांना खुपतो म्हणून तुम्ही खिडकीकडे पाठ करून जेवायला लागलात, हे तिनेच हेरलं होतं. मी तिला शंकेखोर म्हटलं. दुर्मीळ आजार निघाल्यावरही तो शब्द मी मागे घेतला नाही.

आज तुम्ही झोपेत असताना तिच्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आई, माझं चुकलं. बाबांची नजर तू वाचवलीस."