खोक्यावरची फळी

आर्ब, गोझो
१२ जून १९५६

प्रिय आईस,

आधी तुझा आशीर्वाद मागते. गुडघे कसे आहेत? आबांना भर उन्हात शेतावर पाठवू नकोस, ते "आत्ता आलो" म्हणतात आणि संध्याकाळ करतात. जिलॉर्मूने छान बाळसं धरलंय, नाक थेट तुझं. तुझ्या जावयाचं, ग्रेत्स्यूचं जहाज कुठल्याशा थंड बंदरात आहे म्हणे. नाताळपर्यंत काही तो येत नाही.

हे पत्र आज लेस विकत घ्यायला येणारी मनान्नी टोपलीत लपवून आणेल. इतर पत्रं सासूबाई वाचून घेतात, म्हणून ती गोड गोड असायची.

गच्चीवरची सशाची तपकिरी मादी व्यायली. पोटाचे केस उपटून तिने खोक्यात गादी केली आणि त्यात पिल्लं, उघडीबोडकी, डोळे मिटलेली. तू शिकवलं होतंस तसं, माणसाचा वास लागू नये म्हणून मी आधी तिच्या गवतावर हात चोळले, मगच मेलेलं एक बाजूला काढलं. आई, किती दिवसांनी माझ्या हातांना काहीतरी नीट जमत होतं!

सशांचं सगळं सासरे बघायचे. ते वारल्यापासून हे काम माझ्याकडे आलंय. सासूबाईंना ससा ठाऊक तो फक्त लसूण आणि वाईन घातलेला. त्या वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ही कसली गं आई? पिल्लं तिकडे, आणि महाराणी इकडे पाय पसरून!"

"सासूबाई, ती पहाटे एकदाच पाजते. बाकी वेळ लांबच बसते. तेवढं पुरतं त्यांना."

"मला शिकवू नकोस. खाली पोर टाहो फोडतंय आणि तू इथं हवा खातेयस. दोघी एकाच माळेचे मणी!"

मी बाळाला घ्यायला खाली धावले. तेवढ्यात त्यांनी मादीला खोक्यात कोंबून वर फळी ठोकली. "बसू दे आत. आपोआप शिकेल आईपण." मी खूप विनवलं. मला मिळू नये म्हणून हातोडी त्यांनी एप्रनआड धरली होती.

सकाळी फळी काढली. बिचारीने बाहेर पडण्यासाठी इतकी धडपड केली होती की पिल्लं तिच्याच पायाखाली चिरडली. काहींना चावेही होते. एकच जिवंत होतं. सासूबाई म्हणाल्या, "नासलेली मादी. रविवारी पातेल्यात." मी पिंजऱ्यापुढे आडवी उभी राहिले. एवढ्या मोठ्या आवाजात मी या घरात पहिल्यांदाच बोलले.

खोकं मी उघडं ठेवलं. दुसऱ्या पहाटे ती आपणहून आत गेली, उरलेल्याला पाजलं आणि लांब जाऊन बसली. मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

बाळंतिणीने चर्चचा आशीर्वाद घेईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, ही रीत मी पाळली. तो विधी कधीच झाला. तरी दाराची किल्ली सासूबाईंच्याच कमरेला. शेजारणींची नजर वाईट, म्हणतात. मागे आडून लिहिलं तेव्हा तू उत्तर पाठवलंस, "नवरा येईपर्यंत दम धर. लग्न झालेली मुलगी परत आली तर लोक काय म्हणतील?"

म्हणून आता सरळ लिहिते. काल जिलॉर्मू रडायचा थांबेना. मी उशी हातात घेऊन पाळण्यापाशी उभी होते. किती वेळ, आठवत नाही. त्याला काही केलं नाही. मग तो आपसूक झोपला आणि मी उशी माडीवर नेऊन टाकली. मला त्याची भीती वाटत नाही, माझीच वाटते. आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे, हेही तितकंच खरं.

शनिवारी मनान्नी पुन्हा येईल तेव्हा सासूबाईंना दार उघडावंच लागेल. तेव्हा मी त्याला घेऊन निघणार. दुपारच्या बोटीने हे बेट सोडून तुझ्याकडे येते. मला रागाव, गावासमोर रागाव, चालेल. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. पण आधी त्याला माझ्या हातातून घे.

तुझीच,
साल्वीना